हात बरा झाला

ताई : बॅग खाली ठेव आधी. आणि दारावरचं ते बटण दाबू नकोस.

धाकटा : का? आईबाबा झोपलेत?

ताई : जागे आहेत दोघं. पण बटण दाबलं की आत दिवा लुकलुकणार, दिवा लुकलुकला की बाबा उठून दारात येणार, आणि समोर जो उभा असेल त्याच्याशी बोलायला लागणार. परवा कुरिअरवाला आला होता. बिचारा पाकीट छातीशी धरून उभा, जावं की थांबावं त्याला कळेना. तू आत जायच्या आधी मला काही सांगायचंय. बस इथे, पायरीवर.

धाकटा : ताई, मी बंदरावरून सरळ येतोय. अंगाला अजून इंजिनरूमचा वास आहे. आत बसून सांग ना.

ताई : आत नाही सांगता येत. तोंडाने बोलावं तर त्या दोघांना ऐकू येत नाही, म्हणून आई रागावते. घरात सगळ्यांना दिसेल असंच बोलायचं, हा तिचा नियम तू विसरला नसशील. आणि हाताने सांगावं तर बाबा टक लावून बघत बसतात. बस रे. एवढे महिने गेले, अजून थोडा वेळ गेला तर काही बिघडत नाही.

धाकटा : बसलो. बोल. फोनवर तर तू म्हणालीस, हात बरा झाला.

ताई : झालाच आहे. शर्टाची बटणं स्वतः लावतात. संत्रं सोलतात, पूर्वीसारखंच, साल अखंड. मागच्या आठवड्यात आईच्या खुर्चीला पॉलिश केलं. चपडा स्पिरिटमध्ये स्वतः विरघळवला, कापसाचा बोळा फडक्यात बांधला, आणि असा हात फिरवला की त्या खुर्चीत तोंड बघून भांग पाडावा.

धाकटा : मग?

ताई : मग काही नाही. हात बरा झाला, बोलणं गेलं.

धाकटा : हात चालतोय तर बोलणं कसं जाईल? त्यांचं बोलणं हातातच ना? पंप चालू आहे, पाइप फुटलेला नाही, आणि पाणी येत नाही, असं कसं होईल?

ताई : डॉक्टरही हेच म्हणाले. खरं सांगू, मीही हेच म्हणाले. आई एकटी नाही म्हणत राहिली.

धाकटा : नीट सांग. पहिल्यापासून.

ताई : फर्निचरच्या कारखान्यात झालं, कामावरच. सकाळची वेळ. एका कपाटाच्या दाराला सँडपेपर मारत होते. मालकांनी मला फोन केला, म्हणाले, तुझे वडील खाली बसलेत आणि उठत नाहीत. मी औषधाच्या दुकानातून तशीच निघाले. हॉस्पिटलात पोचले तोवर उजवी बाजू लुळी. तोंड जरासं वाकडं. डॉक्टर तरुण होता, भला होता. म्हणाला, मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडलीय, पण वेळेवर आणलंत. जीव वाचला, यातच सगळं आलं, असं मला वाटलं.

धाकटा : तेव्हा मी समुद्रात. तुझा निरोप मला कितीतरी उशिरा मिळाला.

ताई : तुला दोष नाही देत आहे. ऐक. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे नीट उघडले. उजवा हात उशीवर पडलेला, म्हणून डाव्या हाताने बोलायला लागले. मी मनात म्हटलं, सुटलो. तर आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, हे काहीतरी भलतंच बोलतायत. मी म्हटलं, अगं, डावा हात आहे, सवय नाही, चुकणारच. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्याचीच पोर. म्हणाली, उजव्या हातात बोळा असला की हे डाव्यानेच बोलतात, सगळा जन्म बोलत आलेत. आणि डाव्या हाताने लिहिलं तर अक्षर वाकडं येतं, शब्द कसा बदलेल?

धाकटा : शब्द बदलला होता?

ताई : आता तुला कसं समजावू. जिभेवर मीठ असतं आणि तोंडातून पीठ निघतं ना, तसं. हाताचा आकार बरोबर, पण जागा चुकलेली. कपाळाशी व्हायचा शब्द हनुवटीशी. कधी जागा बरोबर आणि आकार भलताच. आणि माणसं. तुला आठवतंय, बाबा गोष्ट सांगताना आधी सगळ्यांना हवेत उभे करायचे? मालक इकडे, सुतार तिकडे, गिऱ्हाईक मधे. मग नुसती नजर वळवली की कळायचं कोण कोणाला काय म्हणालं.

धाकटा : आठवतंय. एकदा त्यांनी त्या दोन भावांच्या भांडणाची गोष्ट सांगितली होती. कपाटाच्या वाटणीची. मी हसून हसून पाणी सांडलं होतं.

ताई : तेच आता सगळ्यांना एकाच जागी उभं करतात. मालक तिथे, सुतार तिथे, तू तिथे, मी तिथे. "दिलं" म्हणतात, पण हात कोणाकडून निघाला आणि कोणाकडे गेला, काही कळत नाही. नुसतं दिलं.

धाकटा : हे तू डॉक्टरांना सांगितलंस?

ताई : सांगितलं. आईने सांगितलं, मी तोंडाने सांगितलं. डॉक्टरांनी बाबांचा हात धरला, दाबा म्हणाले, बाबांनी दाबला. म्हणाले, अशक्तपणा आहे, ताकद आली की खाणाखुणा आपोआप सुधारतील. मी तो "खाणाखुणा" शब्दसुद्धा दुरुस्त केला नाही. आजीपुढे केला, घरमालकापुढे केला, माझ्या शाळेत केला, तुझ्या शाळेत केला. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे.

धाकटा : माझ्या शाळेत मीच केला होता.

ताई : तू काय दिवे लावले होतेस ते सगळ्या गावाला माहीत आहे. बाईंनी विचारलं, वडील का बोलत नाहीत रे, तर म्हणालास, ते परदेशी आहेत, त्यांची भाषा वेगळी आहे.

धाकटा : मला लाज वाटत होती, ताई. म्हणून म्हणालो.

ताई : माहीत आहे मला. पण बाबांना ते कळलं तेव्हा त्यांनी काय केलं, ते तुला कुणी सांगितलं नाही. त्यांनी ती गोष्ट रविवारी येणाऱ्या सगळ्या मित्रांना सांगितली. छाती फुगवून. माझ्या पोराने बाईंना सांगितलं म्हणे, माझ्या बापाला भाषा आहे. लाजेचा भाग त्यांनी गाळून टाकला.

धाकटा : पुढे सांग.

ताई : पुढे काय. ताकद आली. उजवा हात उचलू लागले, चमचा धरू लागले. सगळ्यांनी शाबासकी दिली. आणि चमचा हातात धरून बाबांना चमचा म्हणता येईना. आई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायची. हे काय? ते काय? चुकलं की दुरुस्त करायची. कडक मास्तरीण. त्यांच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत हिच्या हातावर पट्ट्या मारायचे, हात हलवू नका, ओठ हलवा म्हणून. पाण्याच्या टाकीमागे लपून शिकली ती हे बोलणं, बाबांकडूनच. आता तीच त्यांना पहिलीत बसवत होती. बाबा चिडायचे. एकदा चमचाच भिरकावला.

धाकटा : बाबांनी?

ताई : आपल्या बाबांनी. ज्यांनी जन्मात आवाज चढवला नाही, असं मी गमतीने म्हणायची, त्यांनी.

धाकटा : बरं, पण लकव्यानंतर बोलणं शिकवायला वेगळे लोक असतात ना? आमच्या जहाजावरच्या मुख्य स्वयंपाक्याला झालं होतं. त्याला रोज एक बाई शिकवायची.

ताई : असतात. वाचा-उपचार विभाग. त्याच मजल्यावर. बाबांच्या शेजारच्या पलंगावर एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांचं पण डाव्या बाजूचंच. त्यांना पाणी हवं असलं तरी "पान" म्हणायचे, बायकोला हाक मारली तरी "पान". त्यांच्याकडे एक मुलगी रोज यायची. चित्रं दाखवायची, गाणी म्हणून घ्यायची. लकवा झालेल्या प्रत्येकाला त्या विभागाकडे पाठवायचा नियमच आहे. बाबांनाही पाठवलं होतं.

धाकटा : मग?

ताई : परत पाठवलं. रुग्ण जन्मापासून मूक, तेव्हा वाचा जाण्याचा प्रश्नच नाही. एका ओळीत निकाल.

धाकटा : आणि तू गप्प बसलीस?

ताई : मला ते पटलं. तू एकटा शहाणा समजू नकोस स्वतःला. मी वाचलं आणि म्हटलं, खरंच की, आपल्या बाबांना तोंडाने बोलायला कुठे शिकायचंय. असे दिवस गेले. आणि डॉक्टर लोक म्हणतात, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे परत येतं ते येतं. नंतर नुसता गाळ उपसत बसायचं.

धाकटा : मग कळलं कसं?

ताई : त्याच मुलीमुळे. एका सकाळी हेडमास्तरांचं आटपून ती निघाली होती. इकडे आई बाबांना झापत होती, चुकतंय, पुन्हा करा, हात वर घ्या. ती मुलगी चित्रांची पिशवी खांद्याला लावून तशीच उभी राहिली. मग मला विचारलं, तुमची आई कशावर चिडलीय? मी सांगितलं, ती म्हणतेय, बाबा शब्द चुकतायत. तर म्हणाली, कसा चुकतात ते मला दाखवाल? मी दाखवलं. आईने दाखवलं. ती एकदा बाबांकडे बघे, एकदा हेडमास्तरांकडे. म्हणाली, अहो, या दोन पलंगांवर एकच चाललंय.

धाकटा : हुशार पोरगी.

ताई : हुशार असेल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिने विचारलं. नंतर ती रोज तिच्या जेवणाच्या सुट्टीत यायला लागली. एकदा म्हणाली, यांना सांगा, पाणी पिऊन दाखवा. बाबांनी हवेत पेला धरला, तोंडाला लावला, ओठसुद्धा पुसले. म्हणाली, आता पाणी हा शब्द म्हणायला सांगा. नाही आला. हातोडी मारून दाखवा. मारली, खिळासुद्धा दोन बोटांत धरला. आता हातोडी म्हणा. नाही.

धाकटा : म्हणजे...

ताई : म्हणजे खाणाखुणा सगळ्या शाबूत होत्या. लोक जन्मभर ज्याला खाणाखुणा म्हणाले, त्यातली एकही हरवली नव्हती. हरवलं होतं ते दुसरंच. ती मुलगी मला बाहेर घेऊन गेली. लिफ्टजवळ लोखंडी बाकडं आहे, तिथे बसवलं आणि म्हणाली, यांचा हात बरा आहे. यांची भाषा गेलीय.

धाकटा : भाषा. तिने हाच शब्द वापरला?

ताई : मी तिच्याकडे बघतच राहिले. अरे, अर्धं आयुष्य मी या एका शब्दासाठी लोकांशी भांडले. भाषा म्हणा हो, भाषा आहे ती, तिला व्याकरण आहे, तिच्यात विनोद होतात, शिव्या होतात, चहाड्या होतात. माझ्या लग्नात सासरचे म्हणाले, तुमच्या घरात तुम्ही दोघं भावंडं भाषा शिकलात कुठून? पांढरा कोट घातलेल्या माणसाने तो शब्द आमच्या घराला पहिल्यांदा लावला, आणि लावला तो असा. भाषा गेलीय.

धाकटा : रडलीस?

ताई : हसले. वेड्यासारखी. ती घाबरली, पाणी आणायला धावली. रडले ते घरी येऊन, तुझ्या भाऊजींसमोर. त्यांना कळेना काय झालं. मी म्हटलं, आज आमची भाषा सिद्ध झाली.

धाकटा : हे मला का नाही कळवलंस? मी दर वेळी विचारत होतो. तू म्हणायचीस, हात बरा होतोय.

ताई : व्हिडिओ दोन मिनिटं चालायचा आणि तुझं तोंड चौकोन-चौकोन व्हायचं. त्यात काय सांगणार होते? बाबा हात हलवायचे, तू हात हलवायचास. तेवढं येतं त्यांना. तुला वाटायचं बरे आहेत. मी म्हटलं, तिकडे पाण्यात एकटाच आहे, वाटू दे.

धाकटा : बरं. आता पुढचं बघू. तिला म्हणावं, त्या मुलीला, उपचार सुरू कर. पैसे मी देतो.

ताई : पैशांचा प्रश्न नव्हताच. तिने तिच्या साहेबांना सांगितलं. साहेब सज्जन. बाबांना येऊन बघितलंसुद्धा. म्हणाले, तुझं म्हणणं बरोबर असेल, पण आपला विभाग भाषेचे उपचार देतो, तर वरच्यांना कळवावं लागेल की कोणत्या भाषेत देणार. तिने कळवलं. वरून उत्तर आलं, ही आमच्याकडच्या भाषांत बसत नाही. हे सहाय्यक साधन आहे. कुबडी, चष्मा, चाकाची खुर्ची, त्या खात्यात.

धाकटा : कुबडीच्या खात्यात.

ताई : हो. आणि त्या खात्यातून त्यांनी काहीच दिलं नाही असं नको म्हणायला. एक पाटी दिली. चित्रांची. पेला, पलंग, शौचालय. बोट ठेवायचं. बाबांनी ती पाटी हातात घेतली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. कड नीट घासलेली नव्हती.

धाकटा : हसू नकोस ताई.

ताई : मग काय करू? ती मुलगी तरी येत राहिली, स्वतःच्या वेळेत, घरीसुद्धा. तिला हे बोलणं येत नव्हतं, आई तिला शिकवायची, ती आईला सांगायची कसं शिकवायचं. म्हणायची, मोठी वाक्यं नकोत, एक शब्द, मग थांबा. थोडं आलं. "चहा" आला. "दुखतंय" आला. आईचं नाव आलं, ते हाताने घ्यायचं, कपाळावरच्या कुरळ्या बटेचं. मग तिची हॉस्पिटलातली मुदत संपली आणि तिला दुसऱ्या गावी काम मिळालं. जाताना आईच्या पाया पडली.

धाकटा : मी त्यांना माझ्याबरोबर नेतो. मोठ्या शहरात. तिथे कुणीतरी असेल.

ताई : तिथे दुसरी बोली, राजा. तिथल्या बहिऱ्या लोकांचे शब्द वेगळे. आणि बाबांची तर त्यांच्या शाळेची. टाकीमागे बनलेली. ती शाळा बंद पडली, मुलं पांगली, आता ते शब्द वापरणारी माणसं हाताच्या बोटांवर. रविवारी येणारे दोघं त्यातलेच. आले होते ते. बसले. बाबा त्यांच्याशी बोलले, खूप वेळ बोलले. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नंतर तो उंच काका जिन्यात, हा इथेच, भिंतीला टेकून उभा होता. मला म्हणाला, तुझा बाप समोर बसलाय आणि मला त्याची आठवण येतेय. त्यानंतर आले नाहीत. मी रागावत नाही त्यांच्यावर.

धाकटा : लिहून? बाबा थोडं लिहायचे.

ताई : तेही गेलं. तसंही लिहिणं त्यांना परक्या मुलखात गेल्यासारखंच होतं. तुला माहीत आहे.

धाकटा : मी काय करू, ताई? मी आत जाऊन काय करू? इतकी वर्षं कुणाशी हाताने बोललेलो नाही. माझेच हात आता धड नाहीत.

ताई : ते मलाही माहीत नाही. मी फक्त एवढंच बघत होते की तू दारातच कोसळू नयेस. दार उघडलं बघ.

(आई दारात उभी आहे. इथून पुढे सगळं बोलणं हातांनी.)

आई : दाराखालून सावली दिसतेय केव्हाची. म्हटलं, दोन चोर आहेत की माझीच दोन पोरं.

धाकटा : आई.

आई : बारीक झालास. दाढी काढ. दाढीत तुझं अर्धं बोलणं दिसत नाही.

धाकटा : काढतो. तू कशी आहेस?

आई : मी उभी आहे. ताईने सांगितलं ना सगळं? ती आधी सांगणारच. लहानपणापासून तिला वाटतं, घरात काही पडलं तर तिने धरायचं. डोळे पूस. बाबांना चेहरे वाचता येतात अजून. त्यात ते चुकत नाहीत.

धाकटा : मला भीती वाटतेय.

आई : मलाही. ये.

ताई : समोर बस त्यांच्या. खिडकीचा उजेड तुझ्यावर येऊ दे.

धाकटा : बाबा. मी आलो. जहाजावरून आलो. आता सुट्टी आहे, बरेच दिवस आहे, तुम्ही कसे...

आई : हळू. पूर ओतू नकोस. एक सांग आणि थांब.

धाकटा : बाबा. मी आलो.

ताई : बघ, ओळखलं.

धाकटा : माझ्या गालाला हात लावला. दाढी ओढतायत. ताई, बोलायला लागले.

ताई : बोलू दे.

धाकटा : किती बोलतायत. हात तर तसेच आहेत, अगदी तसेच, मला वाटलं थरथरत असतील. काय म्हणतायत?

ताई : मला सांगता येत नाही रे.

धाकटा : तू नेहमी सांगायचीस. डॉक्टरांना, दुकानदाराला, सगळ्यांना. सांग ना.

ताई : "दार" आहे त्यात. किंवा "जहाज", जागा तिथेच कुठेतरी आहे. मग "काल". मग "दिलं", कोणी कोणाला ते नाही. मग एक शब्द, जो शब्दच नाही. आता पुन्हा दार. मी जोडून तुला काहीतरी छान सांगू शकते. पण ते माझं असेल, त्यांचं नसेल.

धाकटा : हो, बाबा. हो. हो ना. बरोबर.

आई : तुला कळलं?

धाकटा : काय?

आई : ते बोलले ते. तू मान डोलावलीस. कळलं का?

धाकटा : नाही.

आई : मग हो का म्हणालास?

धाकटा : त्यांना बरं वाटावं म्हणून. आई, त्यांच्यासमोर नको ना हे.

आई : त्यांच्यासमोरच. आमच्या पाठीमागे बोलणारे खूप झाले. माझ्याकडे बघ. आमच्या लग्नात तुझी आजी, दवाखान्यात नर्स, तुझ्या शाळेत त्या बाई. आम्ही बोललो की हसायचे, मान हलवायचे, हो हो, आणि तोंड फिरवायचे. सगळ्या जन्मात मला जेवढे हो मिळाले, त्यातले खरे किती, तुझे बाबा मोजून सांगायचे. म्हणायचे, ज्याला आपलं कळतं तो वाद घालतो. ज्याला नाही कळत तो हो म्हणतो.

ताई : आई, त्याला काय माहीत. आताच आलाय.

आई : म्हणून सांगतेय. आणि मीही करते हल्ली. संध्याकाळ झाली की थकते. ते सांगत असतात, मला काही लागत नाही हाताला, आणि मी मान हलवते. हो. हो.

धाकटा : त्यांना कळतं? तू खोटं हो म्हणालीस ते?

आई : लगेच. मग ते हात मांडीवर ठेवतात. एकावर एक. आणि खिडकीकडे बघतात.

ताई : हे तू मला कधी बोलली नाहीस.

आई : तू तुझ्या घरी जातेस तेव्हा होतं हे.

धाकटा : थांबलेत ते, आई. आताही हात मांडीवर ठेवलेत.

आई : दिसतंय मला.

धाकटा : मग मी काय म्हणू?

आई : जे खरं आहे ते.

धाकटा : त्यांना वाईट वाटेल.

आई : वाटेल. आधी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेव, म्हणजे तुझ्याकडे बघतील.

धाकटा : बाबा. इकडे बघा. बाबा.

ताई : बघतायत. आता सांग. हळू.

धाकटा : बाबा, मला कळलं नाही. पुन्हा सांगा.